जुनं कोरल, नवा हप्ता

"मावशी, आईंची एफडी मोडू का?" गेल्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी रायपूरहून भाचीचा असा फोन आला आणि माझ्या पोटात गोळाच उठला. एफडी मोडायची म्हणजे घरात कुणीतरी आजारी असणार, नाहीतर जावयांच्या नोकरीचं काहीतरी बिनसलं असणार. बँकेच्या खिडकीमागे ३१ वर्षं बसून मी हेच पाहिलेलं. पण भाची म्हणाली, "नाही गं, सगळे ठणठणीत आहेत. सॉफ्टवेअर घ्यायचंय. नवं कोरल, फोटोशॉप आणि इनडिझाइन."

सॉफ्टवेअरसाठी एफडी! मी म्हटलं, "थांब. मी गणपतीला येतेच आहे. तोवर सही करू नकोस आणि कार्डही कुठे टाकू नकोस."

भाचीचं घर चौबे कॉलोनीत. महाराष्ट्र मंडळही याच कॉलोनीत, त्यामुळे संध्याकाळी बाहेर पडलं की चार मराठी माणसं भेटल्याशिवाय राहत नाहीत. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर १८५४ पर्यंत होता. त्या काळी आलेली घरं, नंतर रेल्वे आणि सरकारी नोकरीच्या निमित्तानं आलेली घरं, अशी ही वस्ती शहरभर पसरलेली आहे. भाषा म्हणाल तर 'मी तुला बोलली ना' अशी गोड सरमिसळ. पण लग्नाची पत्रिका मात्र मराठीतच हवी, आणि तीही शुद्ध.

या पत्रिका करायचं काम भाचीच्या सासऱ्यांनी १९९६ साली घराच्या पुढच्या खोलीत सुरू केलं. नोकरी लवकर सोडून मिळालेल्या पैशांतून एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि पेजमेकर घेतलं. पुढे त्यात कोरल ड्रॉ आलं. भाची लग्न होऊन आली ती त्यांच्या शेजारी बसून शिकली. सासरे २०१९ मध्ये गेले. तेव्हापासून ती एकटीच सांभाळते. वर्षाला खर्च वजा जाता ३ लाख ४० हजारांच्या आसपास सुटतात. दोन मुलांच्या शाळेची फी त्यातूनच जाते. जावयांचा पगार घराच्या हप्त्यात आणि किराण्यात संपतो.

आता तिच्या टेबलावर काय होतं ते सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. कॉम्प्युटर विंडोज ७ चा. त्यात कोरलची एक्स-थ्री ही आवृत्ती, म्हणजे २००६ सालची, सासऱ्यांनी रीतसर खोक्यासकट विकत घेतलेली. मराठी फॉन्टचं पॅकेज डोंगल लावून चालणारं. आणि फोटोशॉप? "ते कुठून आणलंस?" विचारल्यावर भाची खिडकीबाहेर बघायला लागली. असेंबल करून देणाऱ्या पोरानं टाकून दिलेलं होतं. तुमच्या ओळखीत असं एखादं घर नाही, असं मी म्हणणार नाही.

नव्या सगळ्याचं कोटेशन तिनं मला दाखवलं. नवा कॉम्प्युटर ६५ हजार. तिन्ही सॉफ्टवेअर जीएसटीसकट ७० हजार. एकूण १ लाख ३५ हजार. एफडी दीड लाखाची. बसतंय की, असं तिला वाटत होतं.

मी म्हटलं, "हे ७० हजार एकदाच ना?" ती म्हणाली, "नाही मावशी, दर वर्षी."

इथेच सगळं अडतं. पूर्वी सॉफ्टवेअर म्हणजे वस्तू होती. खोकं आणायचं, सीडी घालायची, संपलं. नवी आवृत्ती आली तर तिचे वेगळे पैसे, आणि नको असेल तर जुनी चालू ठेवायची. फोटोशॉप आणि इनडिझाइन बनवणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीनं मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढे नव्या आवृत्त्या खोक्यात मिळणार नाहीत, फक्त वर्गणीनं मिळतील. त्याआधीची शेवटची खोक्यातली आवृत्ती सीएस-सिक्स, २०१२ सालची. तिचा सगळ्यात मोठा संच अमेरिकेत २,५९९ डॉलरला होता. वर्गणी निघाली महिना ४९.९९ डॉलरनं. बघायला स्वस्त. पण ५२ महिने भरले की खोक्याची किंमत पुरी होते, आणि त्रेपन्नाव्या महिन्यालाही हप्ता चालूच असतो. थांबवला की प्रोग्राम बंद. बँकेच्या भाषेत ही खरेदी नाही, भाडं आहे. आणि ३ लाख ४० हजारांतले ७० हजार म्हणजे पाचवा हिस्सा भाड्यात.

भाड्याचं घर वाईट असतं का? मुळीच नाही. पण भाडं दर वर्षी येणाऱ्या कमाईतून भरायचं असतं. त्यासाठी ठेव मोडायची नसते, हे मी तिला पहिल्या संध्याकाळीच सांगितलं. कॉम्प्युटरसाठी पैसे कमी पडत असतील तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं. मोडली तर व्याजात कपात होते ती वेगळीच.

तिच्या सासूबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मोडू द्या हो तिला. यांचंच काम आहे ते. माझ्या औषधांना पेन्शन पुरते."

मी म्हटलं, "ताई, तुमचं मन मोठं आहे, पण आधी बिलबुक बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आरतीनंतर आम्ही तिघी बिलबुक घेऊन बसलो. आदल्या दिवाळीपासून २१४ कामं झाली होती. लग्न-मुंजीच्या पत्रिका ८८, फ्लेक्स आणि बॅनर ६१, व्हिजिटिंग कार्ड आणि लेटरहेड ४०, मेनूकार्ड-पॅम्फ्लेट १९, स्मरणिका आणि पुस्तिका ६. मी म्हटलं, ज्या ज्या कामात जुन्या सॉफ्टवेअरमुळे अडलीस, तिथे लाल टिकली मार. तिला वाटलं होतं शंभर तरी होतील. निघाल्या १७.

त्या सतरा कामांची चिरफाड केली. चार वेळा गिऱ्हाइकानं पाठवलेली फाइल नव्या आवृत्तीतली होती, उघडली नाही. तिघांनी पीडीएफ पाठवली, एक जण दुसरीकडे गेला, बिल साडेचार हजारांचं. दोनदा मोठ्या फोटोंनी कॉम्प्युटर लटकला आणि रात्र गेली. बाकीची ११ कामं अडली ती मजकुरात.

ही मजकुराची भानगड सविस्तर सांगायला हवी, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाचं खरं दुखणं हेच आहे. पूर्वीचे मराठी-हिंदी फॉन्ट एका अर्थानं सोंग होतं. कॉम्प्युटरला वाटायचं की इंग्रजी अक्षर टाइप झालं, फॉन्ट त्या जागी 'क' किंवा 'म' चं चित्र काढायचा. प्रत्येक कंपनीचं सोंग वेगळं. श्री-लिपीत टाइप केलेला मजकूर कृतिदेवमध्ये उघडला तर भूतलिपी दिसते ती यामुळेच. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे 'क' ला जगभर एकच क्रमांक. आज गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर मोबाइलवर लिहून पाठवतं, तो युनिकोडच असतो. तो जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की 'किंवा' ची वेलांटी भलतीकडे जाते आणि 'लक्ष्मी' चे पाय मोडतात. मग भाची तो सगळा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये परत टाइप करायची. एका कामाला दीड-दोन तास.

म्हणजे अडचण खरी होती. पण तिचं औषध ७० हजारांचंच आहे का, हा प्रश्न होता.

जावई संध्याकाळी आल्यावर त्यांना कामाला लावलं. त्यांनी इंकस्केप आणि स्क्रायबस हे दोन प्रोग्राम उतरवून घेतले. दोन्ही फुकट, आणि कायदेशीर फुकट. इंकस्केप कोरलसारखं चित्र-अक्षरांचं काम करतं, स्क्रायबस पेजमेकरसारखी पानं लावतं. मी परीक्षेचे शब्द लिहून दिले: किंवा, लक्ष्मी, दुसऱ्या, शल्य, कर्तृत्व, ज्ञानेश्वर. दोघांनीही ते नीट लिहिले. कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी, फुकट असो की महाग, असे सहा शब्द लिहून बघाच. पैसे मोजले म्हणून देवनागरी नीट येईल अशी खात्री नसते. इनडिझाइनमध्येसुद्धा सेटिंगमध्ये जाऊन 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडावा लागतो. तो निवडला नाही तर हप्ता भरूनही वेलांटी पळालेलीच दिसते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण सॉफ्टवेअरला शिव्या देत जुन्या फॉन्टकडे परत जातात.

फॉन्टचंही तसंच. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले मुक्ता आणि बालू हे युनिकोड फॉन्ट गूगलवर फुकट मिळतात, छापायलाही चालतात. फक्त एक गोष्ट बघायची. हिंदी वळणाच्या फॉन्टात आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' येत नाही. दुकानाच्या पाटीवर ते खपून जातं. पण पत्रिकेवर हिंदी 'ल' दिसला की चौबे कॉलोनीतली एखादी आजी चष्मा पुसून म्हणणारच, "हे काय गं?"

फुकटाचे तोटेही सांगितले पाहिजेत. फोटोशॉपच्या जागी गिंप आहे. त्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली आणि ती चांगली आहे. पण ऑफसेट छपाईच्या चार रंगांचं काम त्यात फोटोशॉपइतक्या सोयीनं होत नाही. इंकस्केपचंही तेच. फ्लेक्सला फारसा फरक पडत नाही, पण गुळगुळीत कागदावर चार रंगांत छापायचं असेल तर लाल रंग विटकरी होऊन येतो. त्या कामाला स्क्रायबस बरं. ब्रिटनमधल्या सेरिफ कंपनीचं अ‍ॅफिनिटी हेही नाव घेतलं जातं. कॅनव्हानं २०२४ मध्ये ते विकत घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केलं. तिथेही आधी ते सहा शब्द.

मग मी भाचीला प्रेसवाल्याला फोन करायला लावला. इतकी वर्षं ती त्याला कोरलची फाइल देत होती. त्याच्याकडची आवृत्ती जुनी, म्हणून अक्षरं कर्व्ह करून. तिला धास्ती होती की दुसऱ्या प्रोग्रामची फाइल तो घेणारच नाही. तो म्हणाला, "दीदी, पीडीएफ दे दो, मुझे तो और अच्छा है." गंमत म्हणजे ती नवीन कोरल घेती तर त्याच्यासाठी प्रत्येक फाइल परत जुन्या आवृत्तीत सेव्ह करावी लागली असती. नवी आवृत्ती जुनी फाइल उघडते, जुनीला नवी उघडत नाही.

तर कोरल नवं घ्यायचं नाही, हे तिथेच ठरलं.

फोटोशॉपचं मी जरा कडक बोलले. सासूबाई उठून आत गेल्यावर तिला सांगितलं की कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं ६३-बी कलम आलेलं आहे. चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून कॉम्प्युटरवर वापरली तर कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख दंड. घरगुती वापराला कोर्ट कैदेतून सूट देऊ शकतं. धंद्याला ती सवलत नाही. आणि हिचा तर धंदा, जीएसटीच्या बिलासकट. "सगळेच वापरतात," ती म्हणाली. मी म्हटलं, "बँकेत खोटी सही करणाराही हेच म्हणायचा." जरा लागलं तिला. पण त्या रात्री जावयांनी ते काढून टाकलं. फोटो साफ करण्यापुरतं गिंप चालतं का ते महिनाभर बघायचं ठरलं.

राहिलं इनडिझाइन, आणि घोडं तिथे पेंड खात होतं. एका शाळेचं माहितीपुस्तक आणि वार्षिक अंक असं मिळून ८० हजारांचं काम तिला मिळण्यासारखं होतं. पण शाळेची अट अशी की छापील पीडीएफबरोबर इनडिझाइनची उघडी फाइल द्यायची, कारण पुढे त्यांचा माणूस त्यात बदल करणार. भाचीनं जाऊन विचारलं, स्क्रायबसमध्ये दिली तर? नाही म्हणाले. तो त्यांचा हक्क आहे, त्यात रागावण्यासारखं काही नाही.

मग हिशेब असा केला. वार्षिक करार केला तर महिन्याचा दर कमी, पण बारा महिने बांधलेले. सुटा महिना घेतला तर दर जास्त, आम्हाला मिळालेल्या आकड्यांत साधारण दीडपट. शाळेचं काम डिसेंबर ते मार्च, चार महिने. चार महिने दीडपटीनं म्हणजे सहा महिन्यांचं भाडं. बारापेक्षा निम्मं. काम आठ महिन्यांच्या आत आटपणार असेल तर सुटा महिनाच परवडतो.

वार्षिक करार 'दरमहा भरा' या नावानंही मिळतो, आणि लोक फसतात ते इथे. वाटतं महिन्याचा आहे, कधीही सोडू. पहिल्या १४ दिवसांनंतर सोडायला गेलं की उरलेल्या महिन्यांच्या निम्मी रक्कम मागितली जाते. ही गोष्ट ग्राहकांपासून झाकून ठेवली, असा दावा अमेरिकन सरकारनं जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर लावला. तेव्हा बटण दाबण्याआधी करार किती महिन्यांचा आहे ती बारीक ओळ वाचा. आपल्याकडे एक बरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमानुसार कार्डावरून आपोआप हप्ता जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तो एसएमएस जाहिरात समजून पुसून टाकू नका.

आणि कॉम्प्युटर? तो मात्र घ्यायलाच हवा होता. विंडोज ७ ची सुरक्षा जानेवारी २०२० मध्येच संपली होती, विंडोज १० ची ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. त्या यंत्रावरून ती बँकेचे व्यवहार करत होती, हे ऐकून मी कपाळाला हात लावला. एफडीवर ५० हजारांचं कर्ज काढलं, वर १५ हजार तिनं घातले. जुना कॉम्प्युटर विकायचा नाही हेही ठरवलं. त्याची इंटरनेटची तार काढली आणि जुनं कोरल आणि डोंगल लावून तो कोपऱ्यात ठेवला. जुन्या पत्रिका उघडायला तोच एक.

तर त्या जुन्या पत्रिका. सासऱ्यांनी पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक फाइल सीडीवर जपून ठेवलेली, डब्यांवर त्यांच्या अक्षरात वर्षं घातलेली. रायपूरच्या निम्म्या मराठी घरांच्या मुंजी, लग्नं, साठीशांती, वर्षश्राद्धं त्यात आहेत. नवं सॉफ्टवेअर घेतलं की हे सगळं त्यात उघडेल, अशी सासूबाईंची समजूत होती. एफडी मोडायला त्या इतक्या राजी का होत्या, ते मला तेव्हा कळलं.

त्यांना खरं सांगावं लागलं. पेजमेकर १९८५ साली आल्डस कंपनीनं आणलं, १९९४ मध्ये ते अ‍ॅडोबीकडे गेलं, आणि २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची. त्याच्या फाइली सीएस-सिक्सपर्यंतचं इनडिझाइन उघडायचं. आजचं, हप्त्याचं इनडिझाइन त्या उघडत नाही. त्या फाइली उघडतं ते फुकटातलं लिबरऑफिस. २०१५ पासून त्यात पेजमेकर वाचायची सोय आहे. पानाची मांडणी बरीचशी येते. मजकूर जुन्या फॉन्टमधला असल्यानं तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलताना जोडाक्षरं हटकून चुकतात. कुणीतरी डोळ्यात तेल घालून वाचायला हवं.

काही सीडी वाचल्याच गेल्या नाहीत. १९९८ च्या डब्यातल्या तर जवळजवळ सगळ्याच गेल्या. सासूबाईंनी त्या तरीही डब्यात परत ठेवल्या.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नाचा हंगाम सुरू झाला. शाळेचं कामही मिळालं. डिसेंबरात भाचीनं इनडिझाइन घेतलं, सुट्या महिन्यानं. गिंपवर ती अजून कुरकुरते. शॉर्टकटची सवय बोटांतून जात नाही आणि एका पत्रिकेचा लाल रंग पुन्हा छापावा लागला, तिच्या खर्चानं. बाराशे रुपये गेले. फोटोशॉपही शाळेच्या चार महिन्यांपुरतं घ्यावं का, यावर जावई आणि ती यांचं अजून एकमत नाही.

मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा एका मुलाच्या लग्नाची पत्रिका चालू होती. त्याच्या मुंजीची पत्रिका सासऱ्यांनी २००३ साली केली होती. ती सीडी वाचली गेली. मुलाच्या आईला तोच गणपती आणि तीच वेलबुट्टी हवी होती. सासूबाई जेवणाच्या टेबलावर प्रूफ घेऊन बसल्या होत्या, पेन्सिल कानामागे खोचलेली.

"दुसऱ्या दिवशी सत्यनारायण," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि पेन्सिल काढली. "अगं, यात 'दुसऱ्या' चा 'ऱ्या' मोडलाय. यांनी असा कधी सोडला नसता."

"द्या इकडे, आई," भाची आतून म्हणाली.